खानदेशच्या उन्हात घराचा स्लॅब: सेंटरिंगपासून टेकू काढेपर्यंत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घराचे काम बहुधा दिवाळीनंतर सुरू होते. पाया, जोते आणि भिंती होईपर्यंत फाल्गुन उजाडतो आणि स्लॅबची पाळी नेमकी चैत्र-वैशाखात येते. पावसाआधी डोक्यावर छत हवे, ही घाई समजण्यासारखी आहे. मात्र पारा ४२ ते ४५ अंशांवर असताना स्लॅब टाकायचा असेल, तर थंडीत चालून जाणारा हलगर्जीपणा येथे चालत नाही. या भागातील साइटवर पाण्याची चूक दोन्ही टोकांनी होते. माल मिक्सरमध्ये असताना त्यात नको तेवढे पाणी ओतले जाते आणि स्लॅब टाकून झाल्यावर, जेव्हा त्याला पाण्याची खरी गरज असते, तेव्हा तो दुपारभर कोरडा तापत राहतो. पहिल्या पावसात गळणारे छत, काही वर्षांत खालून सुटणारे पापुद्रे आणि गंजून फुगलेल्या सळया यांचे मूळ फार वेळा येथेच सापडते.

पुढील टप्पे तळमजला किंवा त्यावर एक मजला असलेल्या आणि साइटवरच मिक्सर लावून बांधल्या जाणाऱ्या घरासाठी आहेत. स्लॅबची जाडी, सळयांचा व्यास आणि अंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच असावे. शेजारच्या घराला जे घातले तेच आपल्यालाही, हा हिशेब चुकीचा आहे. उदाहरणासाठी १००० चौरस फुटांचा, १२५ मिमी म्हणजे ५ इंच जाडीचा आणि एम २० प्रतीच्या (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद देणाऱ्या) काँक्रीटचा स्लॅब धरला आहे.

टप्पा १: आठ दिवस आधी साहित्य जमवणे आणि तपासणे

या स्लॅबला सुमारे ११.६ घनमीटर काँक्रीट लागते. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १:१.५:३ या प्रमाणाने त्याचा हिशेब सिमेंटच्या सुमारे ९४ गोण्या, पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि साडेतीन ब्रास खडी असा होतो. बीमचे काँक्रीट यात धरलेले नाही, ते वेगळे मोजावे. नासधूस धरून थोडे जास्तच साहित्य जागेवर ठेवावे, कारण अर्धा स्लॅब झाल्यावर वाळू संपली, तर मधल्या दोन तासांत जो सांधा पडतो तो पुढे कायम गळत राहतो.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा किंवा महिना आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट स्लॅबसाठी घेऊ नये. गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटून रचाव्यात, आणि एका थप्पीत दहापेक्षा जास्त ठेवू नयेत. गोणीवर ‘पीपीसी’ (राखेसारखे पदार्थ मिसळलेले मिश्र सिमेंट) आहे की ‘ओपीसी’ (साधे पोर्टलँड सिमेंट) हे वाचून वहीत लिहून ठेवावे. पाणी किती दिवस द्यायचे आणि टेकू केव्हा काढायचे, हे पुढे त्यावरून ठरणार आहे.

वाळूची परीक्षा घरीच होते. काचेच्या उभट बरणीत निम्म्यापर्यंत वाळू भरावी, चमचाभर मीठ घातलेले पाणी ओतावे, जोरात हलवून बरणी तीन तास स्थिर ठेवावी. वाळूच्या वर गाळाचा वेगळा थर बसतो. त्याची जाडी वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून अधिक भरली, तर ती वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. नदीची वाळू आहे म्हणजे चांगलीच असणार, असे समजू नये. एकाच नदीच्या दोन घाटांवरची वाळूही सारखी नसते. कृत्रिम वाळू वापरण्यास हरकत नाही, पण ती धुतलेली आणि काँक्रीटसाठी तयार केलेली असावी. क्रशरवरची कच ही वाळू नव्हे. तिच्यात भुकटी फार असते, भुकटी पाणी मागते, आणि मग मिक्सरवरचा माणूस पाणी वाढवतो.

सळईचे वजन मोजून पाहावे. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ ने भागले की एक मीटर सळईचे किलोतील वजन निघते. ८ मिमीची १२ मीटर लांब सळई सुमारे ४.७४ किलो, १० मिमीची ७.४ किलो आणि १२ मिमीची १०.६५ किलो भरावी. काट्यावर थोडाफार फरक येईल, पण तो लक्षात येण्याजोगा मोठा असेल तर माल उतरवून घेऊ नये.

पाणी पिण्यायोग्य असावे. बोअरचे पाणी चवीला खारट किंवा मचूळ लागत असेल, तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. ही अट स्लॅबवर साठवायच्या पाण्यालाही लागू आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तपासणी: काँक्रीटसाठी लागणाऱ्या पाण्याव्यतिरिक्त पुढील १४ दिवसांचे पाणी कोठून येणार, हे आजच ठरले आहे का? विहीर आटली असेल, टँकर आठवड्यातून एकदाच मिळत असेल, तर स्लॅबची तारीख पुढे ढकलणे हाच शहाणपणा आहे.

टप्पा २: सेंटरिंग (काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरणारा प्लेटा-टेकूंचा साचा) आणि टेकूंखालची जमीन

ओल्या काँक्रीटचे वजन लोक मनात कमी धरतात. १२५ मिमी जाडीच्या स्लॅबचे सळईसह वजन चौरस मीटरला ३०० किलोंहून जास्त असते, म्हणजे १००० चौरस फुटांवर सुमारे २९ टन. त्यात माणसे आणि मालाचे ढीग वेगळे. हे सारे टेकूंवरून जमिनीत उतरते, आणि खानदेशात ती जमीन बहुतेक ठिकाणी काळी असते. काळी माती ओलावली की फुगते आणि मऊ पडते, वाळली की आकसून भेगाळते. जोत्यात मुरूम भरून धुमस केला असेल तर आतील टेकूंची चिंता कमी. परंतु पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच जोत्यात परत लोटलेली अनेक घरे दिसतात. तेथे, आणि विशेषतः जोत्याबाहेर उभ्या असलेल्या गॅलरीच्या टेकूंखाली, मोठा धोका असतो. स्लॅबवर ठेवलेले पाणी कडेने झिरपून नेमके त्याच मातीत जाते. टेकू बोटभर खचतो आणि कोवळ्या काँक्रीटला तेथे तडा जातो.

म्हणून प्रत्येक टेकूखाली जाड, रुंद फळी आडवी घालावी आणि फळीखालची माती ठोकून घट्ट करावी. जोत्याबाहेर काळी माती किमान वीतभर काढून तेथे मुरूम भरून धुमस करावा. टेकू कमी उंचीचा पडला म्हणून त्याखाली विटांची चळत लावू नये, कारण वीट फुटली की टेकू गेलाच. टेकू ओळंब्यात असावेत आणि त्यांना दोन्ही दिशांनी आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेले असावे.

वरच्या प्लेटांची पातळी पाण्याच्या नळीने प्रत्येक खोलीत निदान पाच ठिकाणी पाहावी. प्लेटांमधील फटी चिकटपट्टीने किंवा प्लॅस्टिकने बुजवाव्यात. फटीतून सिमेंटचे पाणी निथळून गेले की तेथे नुसती खडी उरते. प्लेटांना तेल लावायचे ते सळई अंथरण्याआधी. सळईवर तेल पडले की काँक्रीट तिला धरत नाही.

इशारा: स्लॅब सुरू असताना एक माणूस खाली, टेकूंच्या ओळीबाहेर उभा राहून फक्त टेकूंकडे पाहत असावा. टेकू करकरणे, पाचर सुटणे, प्लेट वाकणे, यांतील काहीही दिसले तर त्याच्या एका हाकेवर वरचे काम थांबले पाहिजे.

टप्पा ३: सळई, कव्हर आणि नळ्या

स्लॅबच्या तळाशी सळईखाली साधारण २० मिमी काँक्रीट असावे. नकाशात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. या आच्छादनालाच कव्हर म्हणतात. सळई गंजण्यापासून वाचते ती याच्यामुळे. कव्हरसाठी त्या जाडीचे, आधी टाकून भिजवलेले काँक्रीटचे ठोकळे किंवा बाजारात मिळणारे तयार ठोकळे वापरावेत, साधारण दर मीटरला एक. फरशीचे तुकडे आणि खडीचे दगड घसरतात, उलटतात, आणि सळई प्लेटवर टेकते. पुढे छतातून सळईची तपकिरी रेघ दिसू लागते, ती याच जागी.

दोन सळया जोडताना त्या एकमेकींवर किती लांब ठेवायच्या, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. एम २० काँक्रीट आणि फे ५०० प्रतीची सळई असेल तर ही लांबी व्यासाच्या सुमारे ५७ पट धरावी, म्हणजे ८ मिमीला सुमारे ४६ सेंमी आणि १० मिमीला ५७ सेंमी. सगळे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत.

यातील सर्वांत घातक चूक गॅलरी आणि छज्ज्याची आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकलेला असतो, मध्ये वजन आले की तो खालून ताणला जातो, म्हणून मुख्य सळई तळाशी असते. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. ती खाली झुकू पाहते आणि वरून ताणली जाते. म्हणून तिची मुख्य सळई वरच असली पाहिजे, आणि घरातल्या स्लॅबमध्ये नकाशात दाखवली आहे तेवढी आतपर्यंत गेली पाहिजे. फिटर ती बरोबर बांधतो, पण काँक्रीट टाकताना घमेली वाहणारे पाय तिच्यावर पडतात. यावल तालुक्यातील एका कामावर मी स्लॅब सुरू असतानाच गॅलरीच्या काठाशी बसून ओल्या काँक्रीटमध्ये तर्जनी खुपसून पाहिली. वरची सळई पहिल्या पेरापाशी लागायला हवी होती, ती पूर्ण बोट आत गेल्यावर, जवळजवळ तळाशी, हाताला लागली. सकाळी तिच्याखाली खुर्च्या, म्हणजे तिला वर उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार, होत्या, पण फार विरळ. दहा वाजेपर्यंत त्या आडव्या झाल्या होत्या. तेवढा भाग उकरून, सळई उचलून, खाली नव्या खुर्च्या देऊन पुन्हा भरावा लागला. तो न उकरता राहिला असता, तर टेकू काढताच गॅलरी भिंतीलगत चिरली असती.

तपासणी: वरच्या सळईखालच्या खुर्च्या हाताने दाबून आणि स्वतः उभे राहून पाहाव्यात. चालण्यासाठी सळईला न टेकणाऱ्या फळ्यांची वाट केलेली असावी, आणि गॅलरीवर कोणी ये-जा करू नये.

विजेच्या नळ्या खालच्या आणि वरच्या सळयांच्या मधून न्याव्यात, त्यांचा एकत्र जुडगा करू नये. पंख्याचे हूक, बाथरूमचा खोलगट भाग आणि सांडपाण्याच्या जागा यांचे फोटो मोजपट्टीसह काढून ठेवावेत. नंतर ड्रिल करताना ते उपयोगी पडतात.

टप्पा ४: वेळेची निवड

काँक्रीट टाकल्यानंतरचे पहिले काही तास वरचे पाणी फार वेगाने उडू नये, यावर सारे अवलंबून आहे. सकाळी नऊला पूजा, साडेनऊला नारळ आणि दहाला मिक्सर सुरू, ही येथील सवयीची वेळ उन्हाळ्यात सर्वांत वाईट आहे. लहान स्लॅब असेल तर पहाटे पाचला सुरू करून साडेनऊ-दहाच्या आत संपवावा. वर धरलेल्या १००० चौरस फुटांच्या स्लॅबला एका मिक्सरवर सहा ते आठ तास लागतात. तो पहाटे सुरू केला तरी शेवटचा भाग भर उन्हात येतो. अशा वेळी दुपारी चार-साडेचारला सुरू करून रात्री संपवणे मला अधिक योग्य वाटते. त्यासाठी प्रखर दिवे, जनरेटर आणि कडेला कठडा यांची सोय आधी करावी लागते. ती नसेल तर रात्रीचे काम करू नये, कारण अंधारात पाय घसरण्याचा धोका उन्हापेक्षा मोठा आहे.

आदल्या संध्याकाळी खडीच्या ढिगावर पाणी मारावे आणि ढीग झाकून ठेवावेत. पाण्याचे पिंप सावलीत ठेवावे. दिवसभर तापलेल्या काळ्या टाकीतले गरम पाणी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नये. सुरू करण्याआधी प्लेटा आणि सळईवर पाणी शिंपडून त्या थंड कराव्यात, मात्र प्लेटांवर डबकी राहू देऊ नयेत.

टप्पा ५: माल कालवणे

प्रमाण घमेल्याने मोजले की मोजणे संपते, कारण कोणी घमेले शीग भरतो, कोणी निम्मे. ३० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३९ सेंमी उंच फर्मा करून घ्यावा. त्यात सुमारे ३५ लिटर माल मावतो, जे सिमेंटच्या एका गोणीचे आकारमान आहे. एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी लागते. निम्म्या उंचीवर आतून ठळक रेघ मारून ठेवावी.

वाळू ओलसर असेल तर येथे आणखी एक गफलत होते. दमट वाळू फुगते, म्हणून फर्म्यात दिसते पुरी पण असते कमी. बरणीत दमट वाळू २० सेंमीपर्यंत भरावी, मग पाणी ओतून ढवळावी. ती बसून १६ सेंमी झाली, तर फुगवटा चार सेंमी, म्हणजे १६ च्या मानाने २५ टक्के आहे, आणि दीड फर्म्याऐवजी पावणेदोनहून थोडी जास्त, १.८८ फर्मे, वाळू घ्यावी लागते. शिवाय त्याच दमट वाळूतून एका गोणीमागे चार-पाच लिटर पाणी आपोआप येते. ते मिक्सरच्या पाण्यातून वजा करावे.

पाण्याचे माप हेच या सगळ्या लेखाचे मर्म आहे. एका गोणीला २५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवावे आणि वाळूतील ओल धरून २७.५ लिटरच्या वर कधीही जाऊ नये. सिमेंट घट्ट होण्यासाठी यापेक्षा कमीच पाणी वापरते. जादा ओतलेले पाणी नंतर उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडते. त्याच पोकळ्यांतून पावसाचे पाणी शिरते आणि काँक्रीटची ताकदही घटते. म्हणून मिक्सरजवळ रबरी नळी असू नये, रेघ मारलेली बादली असावी. “माल सुटत नाही, थोडं पाणी मारा” ही हाक वरून येणारच. तिच्यावर उपाय म्हणून इंजिनिअरच्या सल्ल्याने ठरलेल्या मात्रेत प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सुटा करणारे रसायन) आधीच आणून ठेवावे.

मिक्सरमध्ये प्रथम थोडे पाणी व खडी, नंतर सिमेंट व वाळू आणि उरलेले पाणी घालावे, आणि सर्व पडल्यानंतर किमान दोन मिनिटे फिरवावे. बाहेर ओतल्यावर माल ढिगासारखा बसला पाहिजे. तो वरणासारखा पसरत असेल तर तो घाणा स्लॅबवर जाऊ देऊ नये.

तपासणी: एवढ्या कामाला निदान दोन वेळा, प्रत्येकी तीन, असे १५० मिमीचे सहा क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे) भरावेत. २८ दिवसांनी एम २० ची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन भरली पाहिजे. क्यूब मिक्सरच्या तोंडाशी येणाऱ्या रोजच्या मालातून भरावेत, त्यासाठी वेगळा घट्ट माल कालवून घेऊ नये.

टप्पा ६: टाकणे आणि दाबणे

एका टोकापासून सुरुवात करून पट्ट्यापट्ट्याने पुढे जावे. मिक्सरमधून निघालेला माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर पडून दाबला गेला पाहिजे. व्हायब्रेटरची सुई घालून बुडबुडे येणे थांबले की हळू बाहेर काढावी. तिने काँक्रीट ढकलत नेऊ नये, कारण त्यामुळे खडी मागे राहते आणि पातळ माल पुढे जातो. सुई सळईला टेकवू नये. दुसरा व्हायब्रेटर किंवा निदान दुसरी सुई जागेवर असावी. बंद पडलेल्या व्हायब्रेटरची जागा गवंड्याच्या थापीने भरून निघत नाही. बीम आणि कॉलम जेथे मिळतात तेथे सळयांची गर्दी असते, म्हणून त्या जागांना जास्त वेळ द्यावा.

आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी सर्वांना वरण-बट्टीचे जेवण देण्याची रीत आहे, आणि ती मनापासून पाळावी. मात्र सगळी पंगत एकदम बसवली की मिक्सर तासभर बंद राहतो. ४० अंशांत तेवढ्या वेळात पट्ट्याची कड घट्ट होते आणि नवा माल तिला एकजीव होत नाही. जेवण दोन पाळ्यांत द्यावे आणि मिक्सर चालूच ठेवावा.

थांबणे अटळच झाले, तर दोन आधारांच्या साधारण मध्यावर, फळी उभी लावून, सरळ उभा काठ करून थांबावे. उतरता काठ सोडू नये. पुन्हा सुरू करताना तो काठ खरवडून, धुऊन, ओला करून आणि सिमेंटची दाट पेस्ट लावून मगच पुढे जावे.

टप्पा ७: पहिले बारा तास

वरचे पाणी जिरत असताना गरम वारा लागला की ओल्या काँक्रीटला काही तासांतच बारीक, आडव्या-तिडव्या चिरा पडतात. त्या सळईच्या दोषामुळे पडत नाहीत. पाणी खालून वर येण्यापेक्षा वेगाने वरून उडते म्हणून पडतात. काँक्रीट मऊ असेपर्यंत रंधा पुन्हा फिरवून त्या बुजवता येतात, नंतर नाही. वाऱ्याच्या बाजूला कनात किंवा हिरवी जाळी बांधावी आणि रंधा झालेला भाग लगेच प्लॅस्टिकने झाकत जावा.

इशारा: पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा किंवा वरचे पाणी शोषले जावे म्हणून कोरडे सिमेंट शिंपडू नये. त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, तो आकसतो, तडकतो आणि निघून येतो.

बोट दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की प्लॅस्टिक काढून ओली गोणपाटे अंथरावीत. नळीची जोरदार धार सोडू नये.

टप्पा ८: चौदा दिवस पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी कमजोर मसाल्याची आळी करून स्लॅबवर पाच सेंटिमीटर पाणी साठवावे. १००० चौरस फुटांना यासाठी सुमारे ४,६५० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचा जवळजवळ एक टँकर लागतो. वैशाखात दिवसाला सेंटिमीटरभर पातळी उतरणे स्वाभाविक आहे, म्हणजे रोज ९०० लिटरांच्या आसपास भर घालावी लागते.

किती दिवस, यावर प्रत्येक साइटवर वाद होतो. आयएस ४५६ या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी द्यावे लागते. पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटलाही किमान १० दिवस सांगितले असून ते १४ पर्यंत न्यावे अशी शिफारस आहे. आपल्याकडील हवा पाहता सिमेंट कोणतेही असो, १४ दिवस धरावेत. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे म्हणजे पाणी देणे नव्हे. भर दुपारी कोरडा पडून तापलेला स्लॅब संध्याकाळी भिजवला, की तो रोज आकसतो आणि रोज फुगतो. आळी सतत भरलेली असावीत, तरच उपयोग आहे. वीज रात्री येत असेल तर भरणे रात्रीच करावे. हे काम ‘सर्वांनी मिळून’ न ठेवता घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे आणि तिने रोज दुपारी दोन वाजता वर जाऊन पाहावे. सकाळी भरलेले आळे फुटले असेल तर त्या वेळी कळते.

बीमच्या बाजू आणि कॉलम यांच्यावर पाणी साचत नाही, म्हणून ते विसरले जातात. त्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावे आणि ते ओले ठेवावे.

इशारा: या काळात स्लॅबवर विटांची थप्पी, वाळूचा ढीग किंवा सळयांचा भार ठेवू नये.

टप्पा ९: टेकू काढणे

ओपीसी आणि १५ अंशांच्या वरचे तापमान धरून आयएस ४५६ मधील किमान मुदती अशा आहेत: ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस. पीपीसी वापरले असेल किंवा पौष-माघातील थंड रात्री असतील, तर या मुदती वाढवाव्या लागतात. घरगुती कामात स्लॅबला १४ आणि बीम व गॅलरीला २१ दिवस ठेवावेत, असा माझा आग्रह असतो. सेंटरिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. त्याच्या जादा भाड्याची रक्कम आधीच ठरवून ठेवली की हा तंटा उरत नाही.

खोलीतील टेकू मध्यापासून सुरू करून भिंतींकडे काढत जावेत. गॅलरीचे मात्र बाहेरच्या मोकळ्या टोकापासून भिंतीकडे काढावेत. उलट क्रमाने काढले तर स्लॅबला ज्या दिशेने वाकण्यासाठी सळई घातलेलीच नाही, त्या दिशेने तो वाकतो. वर दुसरा मजला टाकायचा असेल, तर वरचा स्लॅब टाकेपर्यंत आणि तो घट्ट होईपर्यंत खालचे काही टेकू इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे राहू द्यावेत.

प्लेटा निघाल्यावर त्याच दिवशी, उजेडात, खालून सगळे छत पाहावे. कोठे मधाच्या पोळ्यासारखी उघडी खडी दिसते का, सळई डोकावते का, भिंतीलगत किंवा गॅलरीच्या मुळाशी चीर आहे का, हे पाहून खडूने खुणा कराव्यात आणि मोजपट्टी लावून फोटो काढावेत. गवंडी बहुधा लगेच मसाला थापून त्या जागा झाकायला निघतो. इंजिनिअर स्वतः येऊन पाहीपर्यंत त्याला थांबवावे आणि तोवर कोणत्याही खोलीच्या छताला गिलावा सुरू करू नये.